यमधर्माला विचारलेला प्रश्न

कीर्तनात ध्रुव येतो, हरिश्चंद्र येतो, पण अणिमांडव्याचं आख्यान फारसं कोणी लावत नाही. महाभारताच्या आदिपर्वात ते आहे. मांडव्य ऋषी आश्रमाच्या दारात झाडाखाली हात वर करून, मौन धरून उभे होते. चोर आले, लुटीचा माल आश्रमात दडवला आणि स्वतःही आतच लपले. मागून राजाचे शिपाई आले. त्यांनी विचारलं, ऋषी बोलले नाहीत. झडती झाली, माल सापडला, चोर सापडले, आणि चोरांबरोबर ऋषींनाही राजापुढे नेलं. राजाने सगळ्यांना सुळी द्यायचा हुकूम केला. मांडव्य सुळावरही जिवंत राहिले. राजाला खरं काय ते कळलं तेव्हा तो स्वतः आला, पाय धरून क्षमा मागितली. सूळ उपसून निघेना, म्हणून बाहेरचा भाग कापला. टोक अंगातच राहिलं. ते टोक तसंच वागवत मांडव्य यमधर्माच्या दरबारात गेले आणि म्हणाले, मी असं काय केलं होतं ते सांग. यमधर्म म्हणाला, लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा? मांडव्यांनी साक्षात धर्मालाच शिक्षा सुनावली, की जा, माणसाच्या जन्माला ये. तो जन्म म्हणजे विदुर. आणि त्याच जागी नवा नियमही घातला, की चौदा वर्षांपर्यंतच्या लेकराच्या हातून जे घडेल ते पाप म्हणून धरायचं नाही.

विदुराचा जन्म दासीच्या पोटी झाला, आणि असा जन्म म्हणजेच शिक्षा, असं ही कथा मानते. ते मला पटत नाही. माणसाच्या जन्मावरून त्याची किंमत ठरवणाऱ्या मनुस्मृतीचं २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली दहन झालं, ते योग्यच झालं. पुढे मी काही स्मृतिवचनांचा आधार घेणार आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवते. त्या ग्रंथांतलं सगळं शिरोधार्य मानणाऱ्यांतली मी नाही. पण न्याय करणाऱ्यालाही जाब विचारता येतो, एवढंच नव्हे तर विचारलाच पाहिजे, हा विचार आपल्याकडे किती जुना आहे ते मला दाखवायचं आहे.

मी मराठवाड्यातल्या वेगवेगळ्या तालुका कोर्टांत बेंच क्लार्क होते. आता निवृत्तीनंतर लिंबागणेशला सासरच्या घरी राहते. बेंच क्लार्कची खुर्ची डायसच्या खाली असते, साहेबांकडे पाठ आणि वकील-पक्षकारांकडे तोंड करून. साहेबांचा चेहरा मला दिसत नसे, नुसता आवाज डोक्यावरून जायचा. तो आवाज कसा लागला ते समोरच्या माणसाच्या तोंडावर दिसायचं. एखादे साहेब साक्षीदाराला ‘बसा आजोबा, पाणी घ्या’ म्हणायचे आणि समोरचा आखडलेला म्हातारा हळूहळू सैल होत बोलायला लागायचा. एखाद्यांच्या पहिल्याच वाक्याला साक्षीदाराच्या हातातली पिशवी थरथरायला लागायची. असे दोन्ही प्रकारचे साहेब मी पाहिले आहेत, आणि पहिल्या प्रकारचे जास्त पाहिले आहेत. तालुक्याला एकच साहेब असतील तर दिवाणी, फौजदारी, पोटगी, धनादेशाचे खटले, रिमांड, सगळं त्यांच्याच अंगावर असतं. संध्याकाळी दिवे लावून निकालपत्र सांगत बसलेले न्यायाधीश लोकांना दिसत नाहीत. मी पाहिले आहेत.

पण एक दिवस सांगायलाच हवा. एका कोर्टात वाटणीचा दावा चालू होता. वादी एक विधवा बाई. नवरा वारल्यावर दिरांनी सातबाऱ्यावर तिचं नाव लागू दिलं नव्हतं. सकाळच्या एसटीने ती यायची, व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायची, फडक्यातली भाकरी तिथेच खायची. तिच्या साक्षीच्या तारखा लागत आणि जात. रोजनाम्यात दर वेळी तेच लिहिलं जायचं: वादी हजर, वादीचे वकील हजर, प्रतिवादीचे वकील हजर, वेळेअभावी साक्ष नाही. वेळ कोणाचा आणि कुठे गेला, याला रोजनाम्यात रकाना नसतो. साहेब डायसवर बहुतेक दुपारीच येत. त्या दिवशी तिचा पुकारा झाला. ती पुढे येऊन हात जोडून म्हणाली, ‘सायेब, आज तरी घ्या, लेकरू तापलंय घरी.’ साहेब तिच्यावर भडकले. कोर्टाला शिकवतेस का, अक्कल आहे का, अशा शब्दांत बोलले आणि शिपायाला सांगून तिला बाहेर काढलं. तिचे वकील फाइल चाळत उभे राहिले. त्यांना भित्रं म्हणायला माझी जीभ धजत नाही, कारण त्याच साहेबांपुढे त्यांच्या आणखी दहा फाइली होत्या आणि त्या दहा पक्षकारांची पोटंही त्यावर होती. न्यायाधीशाच्या वागण्याबद्दल गावोगावी कोणी का बोलत नाही, त्याचं निम्मं कारण तिथेच आहे. जो जवळून पाहतो, त्याचं उद्याचं काम त्याच खोलीत असतं.

त्या बाईच्या दाव्याचा निकाल चुकला का? नाही. पुढे बदलून आलेल्या साहेबांनी साक्ष घेतली, तिला तिचा हिस्सा मिळाला. म्हणजे अपिलात दुरुस्त करण्याजोगं त्यात काही राहिलं नाही. चूक निकालात नव्हती, वागण्यात होती. आपण या दोन गोष्टींची गल्लत करतो, आणि ती गल्लत गैरवर्तन करणाऱ्याच्या पथ्यावर पडते. मांडव्याच्या कथेत हा फरक स्वच्छ आहे. राजाने चुकीचा निकाल दिला होता, माणूस सुळावर चढवला होता. तरी मांडव्यांनी राजाला क्षमा केली. मुद्देमाल आश्रमात सापडला होता, आरोपी तोंड उघडत नव्हता, समोर होतं त्यावरून राजाने ठरवलं आणि खरं कळताच तो धावत आला. यमधर्माला मात्र क्षमा नाही. त्याला सगळं माहीत होतं. कृत्य लहान होतं, करणारं लेकरू होतं, हे ठाऊक असून त्याने तराजू वाकडा धरला, आणि विचारलं गेलं नसतं तर तो कधी बोललाही नसता.

हा फरक आजच्या कायद्यालाही मान्य आहे. न्यायाधीशाने सद्‌भावाने आपल्या अधिकारात दिलेल्या आदेशाबद्दल त्याच्यावर दिवाणी दावा लावता येत नाही, असा कायदा १८५० पासून आहे, आणि तो असायलाच हवा. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने बालकाच्या लैंगिक छळाच्या एका प्रकरणात त्वचेला त्वचेचा स्पर्श हवा असा अर्थ लावला. महाराष्ट्रभर संताप झाला, मलाही झाला. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ रद्द केला. चुकीच्या निकालावरचा उपाय हाच, वरच्या कोर्टाची लेखणी. पण उशिरा येणं, पक्षकाराला हाकलून देणं, एका बाजूच्या वकिलाशी घरोबा ठेवणं, पैसे घेणं, यांवर अपील चालत नाही. तिथे दुसरंच काहीतरी लागतं.

कौटिल्याला हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास कळलं होतं. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात न्यायाधीशाला कशाकशाबद्दल दंड करायचा याची यादी आहे. वादी-प्रतिवादीला धमकावणं, घालूनपाडून बोलणं, हाकलून देणं, गप्प बसवणं. जे विचारायचं ते न विचारणं आणि नको ते विचारणं. साक्षीदाराला पढवणं. काम उगाच लांबवून माणसाला दमवून परत पाठवणं. पुन्हा तसंच केलं तर दुप्पट दंड आणि पदावरून काढणं. मी ते भाषांतरात पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती भाकरीची बाई माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्या यादीतलं बहुतेक सगळं तिच्या वाट्याला आलं होतं.

याज्ञवल्क्य स्मृतीचा व्यवहाराध्याय याहून पुढे जातो. आसक्ती, लोभ किंवा भीती यांपायी धर्म सोडून निर्णय देणाऱ्या सभासदांना एकेकाला वेगळा दंड, आणि तोही दाव्यात हरणाऱ्याच्या दंडाच्या दुप्पट. सगळ्यांनी मिळून निर्णय दिला, माझा एकट्याचा काय दोष, असं म्हणायला जागाच ठेवली नाही. या स्मृतीवरची मिताक्षरा टीका विज्ञानेश्वराने लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात. आमच्या मराठवाड्याच्या वेशीवरचं गाव. या ग्रंथराशीचा धांडोळा घेणारे भारतरत्न पां. वा. काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत होते. हा वारसा परका नाही, घरचाच आहे. राजाला कोण दंड करणार, याचंही उत्तर मनुस्मृतीत आहे. राजांवरही दंड धरणारा वरुण आहे, म्हणून काही दंडाचं धन पाण्यात सोडायचं. व्यवहारात त्याचा उपयोग किती झाला असेल ते असो, पण सगळ्यात वरच्या खुर्चीच्याही वर कोणीतरी बसलेलं आहे, ही जाणीव त्यामागे आहे.

गावाकडचा माणूस डायसला नमस्कार करतो. पाचामुखी परमेश्वर म्हणतो आणि न्यायाधीशाला देवमाणूस मानतो. मग देवाला कसं विचारायचं, असं मला अनेक जणींनी विचारलं आहे. मला हा प्रश्न खरोखर धर्माचा वाटतो, आणि त्याचं उत्तर आपल्या देवांनीच दिलेलं आहे. भृगूने विष्णूच्या छातीवर लाथ मारली तरी विष्णूने शाप दिला नाही. पुंडलिकाने विठ्ठलाला विटेवर थांबवून ठेवलं. जनाबाई विठ्ठलाशी भांडली, नामदेव त्याच्यावर रुसला, आणि त्यांची भक्ती त्याने कमी झाली असं वारकऱ्यांत कोणी म्हणत नाही. आपल्या परंपरेत देव उत्तर देतो. जो उत्तर देत नाही त्याला आपण देव म्हणत नाही. न्यायाधीशाला देव मानायचं असेल, तर त्याने जाब देणं हे त्या देवपणाचं पहिलं लक्षण ठरतं.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. कोर्टात न्यायाधीशांविरुद्ध निनावी अर्ज यायचे. त्यांतले पुष्कळ हरलेल्या पक्षकारांचे असत. ज्याच्या विरुद्ध निकाल गेला त्याला साहेब विकले गेल्याची खात्रीच असते. कधी वकिलाला दिलेली फीदेखील ‘साहेबांना पोचवली’ म्हणून गावात सांगितली जाते. अशा अर्जाने चांगल्या माणसाची झोप उडालेली मी पाहिली आहे.

लिंबागणेशमध्ये राहून या प्रश्नाचा विचार इथल्या गणपतीला वगळून करता येतच नाही. बीड तालुक्यातलं हे गाव मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना लागतं, आणि इथला गणपती भालचंद्र. कथा सगळ्यांना ठाऊक आहे. चंद्र गणपतीला हसला. गणपतीने शाप दिला, की तुझं तोंड जो बघेल त्याच्यावर खोटा आळ येईल. चंद्र लपून बसला, जग काळवंडलं, देवांनी रदबदली केली, चंद्राने तप केलं. ते तप इथे झालं अशी आमच्या गावची श्रद्धा, आणि देवळाजवळच्या तीर्थाचं नावच चंद्रपुष्करिणी. मग गणपतीने आपलीच शिक्षा पुन्हा तपासली आणि ती भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या एका रात्रीपुरती ठेवली. ज्याला शिक्षा केली त्यालाच कपाळावर घेतलं. दर संकष्टीला आम्ही बायका त्याच चंद्राची वाट बघत उपाशी बसतो, तो दिसल्याशिवाय उपास सुटत नाही. शिक्षा देणाऱ्याने आपल्या शिक्षेचं माप पुन्हा बघणं यात कमीपणा नाही, उलट त्याच रूपाने तो आमच्या गावात पुजला जातो.

आणि खोट्या आळाचं काय? तोही याच कथेचा भाग आहे. चतुर्थीचा चंद्र पाहिला म्हणून कृष्णावर स्यमंतक मणी चोरल्याचा आळ आला. साक्षात कृष्ण. तो म्हणू शकला असता, मी कोण आहे ते ओळखा आणि गप्प बसा. तसं तो म्हणाला नाही. तो माणसं बरोबर घेऊन रानात गेला, प्रसेनाचं प्रेत शोधलं, सिंहाचा माग काढला, जांबवंताच्या गुहेत शिरला, मणी आणला आणि सत्राजिताला राजसभेत बोलावून, काय घडलं ते सगळ्यांसमोर सांगून, त्याच्या हातात दिला. ज्याच्यावर आळ खोटा आहे त्याला चौकशी ही शिक्षा नसते. त्याला वाचवणारी तीच एक वाट असते. खोटे अर्ज येतात म्हणून चौकशीच नको, हे म्हणणं कृष्णाला मान्य झालं नसतं. चौकशी लवकर, पुराव्याने आणि जाणत्यांच्या हातून व्हावी, एवढंच त्यातून निघतं.

जाणत्यांच्या हातून, असं मी मुद्दाम म्हणते. नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात खून झाला आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही माहीत असतं. प्रभातच्या १९४४ च्या चित्रपटाने ते घराघरांत पोचवलं. पण त्या वेळी सत्ता कोणाकडे होती? राघोबांकडे. न्यायाधीशाला जाब विचारण्याचा अधिकार त्यांच्या हातात दिला असता, तर रामशास्त्रीच गैरवर्तनाचे दोषी ठरले असते. शास्त्रीबुवा पुणे सोडून गेले आणि बारभाईंच्या कारभारात परत आले. आणीबाणीतही तेच घडलं. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नागरिकाच्या जगण्याच्या हक्काच्या बाजूने एकटे न्या. हंसराज खन्ना उभे राहिले आणि जानेवारी १९७७ मध्ये सरकारने त्यांना डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं. त्या निकालात बहुमताच्या बाजूला आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते, आणि २०१७ मध्ये तो निकाल चुकीचा होता असं लिहिणाऱ्यांत त्यांचेच चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड होते. निकालाचा हिशोब असा न्यायाच्याच घरात व्हायला हवा. सत्तेच्या हातात ती छडी नको.

पण मग न्यायाच्या घरातल्यांनी ती उचलायला हवी, आणि तिथे आपण कमी पडतो. तालुक्याच्या न्यायाधीशावर राज्यघटनेच्या कलम २३५ ने उच्च न्यायालयाचं नियंत्रण असतं आणि ते चालतंही. साताऱ्याच्या एका जिल्हा न्यायाधीशांवर डिसेंबर २०२४ मध्ये लाच मागितल्याचा गुन्हा नोंदला गेला आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना बडतर्फ केलं. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात गेलं, की वाट एकदम खडतर होते. लोकसभेचे शंभर किंवा राज्यसभेचे पन्नास सदस्य सह्या करतील तेव्हा सुरुवात, मग तिघांची समिती, मग दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत आणि शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांची दोन तृतीयांश मतं. न्या. व्ही. रामस्वामी यांच्या चौकशीच्या समितीचे अध्यक्ष न्या. पी. बी. सावंत होते, आणि मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्तीही त्यात होते. समितीने बहुतेक आरोप सिद्ध धरले. सरकारी निवासस्थानाच्या सामानसुमानावर केलेल्या वारेमाप खर्चाचं ते प्रकरण होतं. ११ मे १९९३ ला लोकसभेत १९६ जणांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं, विरोधात एकही मत नव्हतं, आणि २०५ जण नुसते बसून राहिले. ठराव पडला. न्यायमूर्ती पदावर राहिले आणि पुढच्या वर्षी रीतसर निवृत्त झाले.

त्या २०५ जणांबद्दल मला जास्त बोलावंसं वाटतं. त्यांनी न्यायमूर्ती निर्दोष आहेत असं म्हटलं नाही आणि दोषी आहेत असंही म्हटलं नाही. अशाच एका सभेत विदुर उभा राहिला होता. द्यूतानंतर द्रौपदीने कायद्याचाच प्रश्न विचारला होता, स्वतःला हरलेल्या नवऱ्याला मला पणाला लावायचा अधिकार होता का? भीष्मांनी धर्म सूक्ष्म आहे म्हणून हात झटकले, बाकीचे खाली बघत राहिले. विकर्ण बोलला, आणि विदुर बोलला. विदुराने सभेला प्रल्हादाची गोष्ट सांगितली. स्वतःचा मुलगा विरोचन आणि सुधन्वा यांच्या वादात निवाडा करायची पाळी प्रल्हादावर आली, आणि निंद्य गोष्टीचा निषेध न करणाऱ्या सभेत निम्मं पाप प्रमुखाच्या माथी, पाव करणाऱ्याच्या आणि पाव गप्प बसलेल्या सभासदांच्या माथी जातं, हे कश्यपाचं सांगणं ऐकून त्याने मुलाच्या विरुद्ध निवाडा दिला. हे सांगणारा विदुर म्हणजे कोण? ज्याला मांडव्याने न्यायातल्या अपराधाबद्दल माणसाच्या जन्माला घातलं तोच धर्म. ज्याला एकदा जाब द्यावा लागला होता, त्यालाच सभेचं मौन सहन झालं नाही. माझ्या मते विदुराची शिक्षा तिथे पुरी झाली.

मुंबईच्या वकिलांनी हे मौन मोडून पाहिलं आहे. १९९० मध्ये त्यांच्या संघटनांनी काही न्यायमूर्तींविरुद्ध उघड ठराव केले. १९९५ मध्ये मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांना एका परदेशी प्रकाशकाने पुस्तकापोटी दिलेली रक्कम अवास्तव मोठी असल्याचा आक्षेप घेऊन ठराव झाला आणि त्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वकिलांनी असे ठराव करू नयेत, तक्रार मुख्य न्यायमूर्तींकडे न्यावी, मुख्य न्यायमूर्तींबद्दलच असेल तर सरन्यायाधीशांकडे. अंतर्गत चौकशीची पद्धत त्यातून आली. न्यायमूर्तींनीच न्यायमूर्तीची चौकशी करावी, ही गोष्ट मला मान्य आहे. पण तो अहवाल गोपनीय राहतो. मांडव्याने विचारलं तेव्हा यमधर्माने निदान उत्तर दिलं होतं, काडीची गोष्ट सांगितली होती. ते उत्तर मिळालं म्हणूनच त्याची चूक जगाला दिसली आणि लेकरांसाठी नवा नियम झाला.

राजीनामा दिला की सगळं मिटतं, हे तर मला अजिबात पटत नाही. न्या. सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा ठराव १८ ऑगस्ट २०११ ला राज्यसभेत १८९ विरुद्ध १७ मतांनी मंजूर झाला. लोकसभेत जाण्याआधी त्यांनी राजीनामा दिला आणि प्रक्रिया तिथेच संपली. त्याच वर्षी न्या. दिनकरन यांनीही चौकशी चालू असताना पद सोडलं. १९५० पासून २०२५ पर्यंत संसदेने एकाही न्यायमूर्तीला दूर केलेलं नाही. खुर्ची रिकामी झाली एवढ्यावर आपण समाधान मानतो. पण त्या खुर्चीतून जे निकाल दिले गेले त्यांचं काय? राजाने सूळ कापला, क्षमा मागितली, सगळं रीतसर झालं, टोक मात्र मांडव्याच्या अंगातच राहिलं. ज्या न्यायाधीशाने पैसे घेतल्याचं सिद्ध झालं, त्याच्याकडे हरलेली माणसं ते टोक घेऊनच जगत असतात. अपिलाची मुदत संपलेली असते, वकिलाला द्यायला पैसे उरलेले नसतात, जमीन तिसऱ्याच्या नावावर गेलेली असते. न्यायाधीशाच्या नेमणुकीत दोष निघाला तरी त्याने दिलेले निकाल टिकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये ठरवलं आहे. ते समजण्यासारखं आहे, नाहीतर हजारो लोकांचे मिटलेले व्यवहार पुन्हा उखडले जातील. पण नेमणुकीतला दोष वेगळा आणि लाच वेगळी. याज्ञवल्क्याने वाईट रीतीने दिलेले निवाडे पुन्हा बघायला सांगितले आहेत, आणि मग न्यायाधीशांना व जिंकलेल्यालाही दंड सांगितला आहे. तो क्रम मला फार विचारपूर्वक लावलेला वाटतो. आधी अन्याय झालेल्या माणसाचं काम, मग दंड.

म्हणून माझं मागणं न्यायाधीशाच्या शिक्षेपाशी थांबत नाही. पैशाचा किंवा पक्षपाताचा आरोप खरा ठरला, तर त्या न्यायाधीशाच्या हातून गेलेली प्रकरणं बघायला एक वरिष्ठ न्यायाधीश नेमावेत, हरलेल्या बाजूला पत्राने कळवावं, अपिलाला झालेला उशीर मागे लागून माफ करून घ्यायला न लावता आपणहून माफ करावा, आणि वकिलाचा खर्च विधी सेवा प्राधिकरणाने उचलावा. प्राधिकरण आहे, मुदतीच्या कायद्यात उशीर माफ करायचं कलम ५ आहे, जिल्ह्याला न्यायाधीश आहेत. आणि तक्रार खोटी निघाली तर तेही लेखी सांगावं, म्हणजे त्या न्यायाधीशाला मान वर करून डायसवर बसता येईल.

गावातली माणसं अजून माझ्याकडे कोर्टाचे कागद घेऊन येतात. साहेबांविरुद्ध बोललो तर बेअदबी होऊन आत टाकतील, ही भीती सगळ्यांनाच असते. त्यांना मी न्यायालय अवमान कायदा, १९७१ चं कलम ६ सांगते. खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाबद्दल सद्‌भावाने उच्च न्यायालयाकडे केलेली तक्रार हा अवमान होत नाही. निकाल पटला नसेल तर अपील करा, तक्रार करू नका, हेही सांगते. वागणुकीचीच तक्रार असेल, तर निनावी नको. आधी नक्कल विभागात अर्ज करून रोजनाम्याच्या नकला घ्या, कोणत्या तारखेला काय झालं ते लिहा, ऐकीव एक ओळही घालू नका, शपथपत्र जोडा, खाली स्वतःचं नाव आणि सही करा, आणि पाकीट स्पीड पोस्टाने उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रारकडे पाठवून पावती जपून ठेवा. बरेच जण तेवढ्यावरच परत जातात. काही जण मात्र दुसऱ्या दिवशी नकलेच्या अर्जाला लावायचं तिकीट घेऊन येतात, आणि मग आम्ही ओसरीवर बसून तारखा लावायला घेतो.